तालुका कोर्टातली इंटर्नशिप: चार आठवड्यांत पदरात काय पडू शकतं?

वारणाकाठ

एप्रिल संपत आला की कॉलेजच्या लेटरहेडवरची पत्रं घेऊन मुलं ऑफिसात यायला लागतात. "मॅडम, इंटर्नशिप करायची होती. एक मेपासून." मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी लागते ती थेट जूनमध्ये संपते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सुट्टीतही रिमांड, जामीन, तातडीचे अर्ज चालतात, पण साक्षीपुरावा नाही, उलटतपास नाही, अंतिम युक्तिवाद नाही. आवारात गाडी लावायला जागा मिळते एवढाच काय तो फायदा. तेव्हा तारखा कॉलेजची सुट्टी बघून ठरवू नका, कोर्टाचं कॅलेंडर बघून ठरवा. दिवाळीचंही तेच.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते, जास्त करून दिवाणी. हा धागा लॉच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

नियम थोडक्यात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएलबीला एकूण १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. आणि शिक्षणाच्या काळात एकदा तरी खालच्या कोर्टात आणि अपिलात उभं राहणाऱ्या वकिलाकडे काम करावं लागतं. ही शेवटची अट बहुतेक जण उरकून टाकतात. पत्र, काळ्या कोटातला फोटो, प्रमाणपत्र, विषय संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चार आठवड्यांत एक अख्खी फाईल वाचा. निकाल लागलेली, जुनी, जाडजूड. चालू प्रकरणाची नको, त्यात शेवट कळत नाही आणि वकिलाला ती सारखी लागते.

फाईलमधल्या प्रत्येक कागदाला कोर्ट नंबर देतं, तो म्हणजे निशाणी. निशाणी १ ला दावा असतो. निशाणी ५ ला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडे कुठल्याही दिवाणी कोर्टात "पाचचं काय झालं?" असं विचारा, शिपायालासुद्धा कळतं की तुम्ही मनाईबद्दल विचारताय. त्यापुढे प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, सरतपासाचं (साक्षीदाराच्या स्वतःच्या म्हणण्याचं) प्रतिज्ञापत्र, उलटतपास, पुरावा संपल्याची पुरसिस, युक्तिवाद, निकाल, हुकूमनामा. कॉलेजात दिवाणी प्रक्रिया संहिता ऑर्डर आणि रूलच्या आकड्यांनी शिकवतात, इथे ती एकामागून एक दोऱ्यात ओवलेली दिसते.

वाचताना शेजारी रोजनामा ठेवा. कुठल्या तारखेला काय झालं याची ती कोर्टाची नोंद. खरं शिक्षण तिथे आहे. समन्स बजावणी न होता परत का आलं? प्रतिवादीने मुदत अर्ज किती वेळा दिले? समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, फार तर ९० पर्यंत वाढवून मिळते असं पुस्तकात आहे. मग या फाईलमध्ये ती वर्षभराने कशी घेतली गेली, खर्च लावला का, कारण काय दिलं? असे प्रश्न काढलेत की वकील खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो, माझा अनुभव आहे.

मी स्वतः मुलांना एक बांधाच्या वादाची फाईल देते. दाव्यात मिळकतीच्या चतुःसीमा दिल्यात, पूर्वेला रस्ता. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, सीमा नाहीत. मोजणीच्या नकाशात रस्ता उत्तरेला. खरेदीखतात पूर्वेला दुसऱ्याच गटाचं नाव. वादीचा पूर्ण उलटतपास त्या एका रस्त्यावर झालाय. मी काही सांगत नाही. चारही कागद समोर ठेवून म्हणते, काय दिसतं ते लिहा. काही जण संध्याकाळपर्यंत "दाव्याचा सारांश" लिहून आणतात. एखादीच मुलगी येऊन विचारते, "मॅडम, रस्ता नक्की कुठे आहे?" तिच्याकडे वकिलाचा डोळा आहे.

मग निशाणी ५ वरचा हुकूम न वाचता स्वतः ठरवायचं: मनाई द्यावी का? प्रथमदर्शनी बाजू कुणाची, सोय-गैरसोय कुणाची जास्त, भरून न निघणारं नुकसान कुणाचं. पानभर लिहा आणि मगच कोर्टाचा हुकूम उघडा.

आणखी एक. "काही काम असेल तर सांगा" म्हणून दारात उभं राहू नका. साडेदहाच्या बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या, गडबडीत तुमच्यासाठी काम शोधणं हे वकिलालाच एक वाढीव काम होतं. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी म्हणा, "उद्याच्या बोर्डावर आपल्या कुठल्या मॅटर आहेत? मागच्या दोन तारखांना काय झालं ते मी लिहून ठेवते." ई-कोर्ट्सचं ॲप फुकट आहे, प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखा, बरेचदा हुकूमही दिसतो. तिसऱ्या दिवसापासून वकील तुम्हालाच विचारतो, "अगं, त्या देसाईंच्या दरखास्तीत काय लागलंय उद्या?" (दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज.)

बाकीच्यांनी भर घालावी.

शंकेखोर

ताई, धागा वेळेवर आला. मी तीन वर्षांच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बीएस्सी करून आलोय. पहिल्या वर्षीची इंटर्नशिप एका शहरातल्या मोठ्या वकिलांकडे केली. नाव घेत नाही. तिथे आम्ही सात-आठ जण होतो. वकीलसाहेब आम्हाला दोनदा दिसले. बाकी वेळ झेरॉक्स, स्टॅम्प, चहा, आणि नकलेच्या खिडकीसमोर रांग. मग तुम्ही म्हणता तशी फाईल मागायची कुणाकडे? आणि मागितली आणि नाही म्हणाले तर?

दुसरं, आम्ही सगळं इंग्रजीत शिकलोय. "पुरसिस", "दरखास्त", "कैफियत" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान डोलावली आणि बाहेर येऊन गुगल केलं. काही मिळालं नाही.

निवृत्त_नाझर

शंकेखोर, नकलेच्या खिडकीला नावं ठेवू नका हो. मी आयुष्य कोर्टाच्या नोकरीत काढलं.

त्या रांगेत उभं राहून तुम्ही काय बघितलं? नकलेचा अर्ज कसा लिहितात, त्यात प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावं, कुठल्या निशाणीची नक्कल, तातडीची की साधी. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली, हे नकलेच्या मागे शिक्क्यात लिहिलेलं असतं. ते का लिहितात? कारण अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला काळ वगळतात. मुदत कायद्याचं कलम १२. वकिलाच्या अपिलाचं भवितव्य त्या शिक्क्यावर असतं आणि इंटर्न तो कागद घडी घालून खिशात टाकतो.

समन्स पोचवणाऱ्या बेलिफाबरोबर एक फेरी मारा असंही मी म्हणेन, अर्थात त्याचे वरिष्ठ असलेल्या नाझरसाहेबांची परवानगी काढून. समन्स घ्यायला माणूस घरात असून "गावाला गेलेत" असं आतून सांगतो, मग दाराला चिकटवून पंचांच्या सह्या कशा घेतात, अहवाल कसा लिहितात. पुस्तकातलं "सर्व्हिस ऑफ समन्स" हे प्रकरण एका दुपारी समजेल.

आणि कर्मचाऱ्यांशी नीट वागा. "ओ भाऊ" नाही. कोर्टात सगळे साहेब असतात. सकाळी बोर्ड सुरू व्हायच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीनंतर लगेच काही विचारायला जाऊ नका, साडेचारला जा. माणूस तेव्हा जरा मोकळा असतो. शब्द अडला तर त्यालाच विचारा. पुरसिस म्हणजे काय हे तुम्हाला कारकून जितकं सोपं सांगेल तितकं प्राध्यापक सांगणार नाही: "आम्हाला एवढंच म्हणायचंय" असं पक्षकार कोर्टाला लेखी कळवतो तो कागद. बस.

फोर्टची_लोकल

वारणाकाठ, लेख आवडला, पण थोडा वेगळा सूर लावते. मी मुंबईत एका फर्ममध्ये आहे. आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नला दिवाणी फाईल निशाणीवार वाचता येते का हे कुणी विचारत नाही. करार वाचता येतो का, टिपण नीट लिहिता येतं का, वर्ड आणि एक्सेल सफाईने येतं का, हे बघतात. ज्याला कॉर्पोरेटमध्ये जायचंय त्याने तालुका कोर्टात महिना घालवावा, हे थोडं रोमँटिक वाटतं.

शिवाय फर्मचं एक चांगलं असतं: काम लेखी येतं, वेळेत द्यावं लागतं आणि लाल खुणा करून परत येतं. त्या लाल खुणा सोन्याच्या असतात. तालुक्याला शाबासकी मिळते, पण खुणा कोण करतं?

वारणाकाठ

फोर्टची_लोकल, लाल खुणांबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडे ते होत नाही ही खरी उणीव आहे. म्हणून मुलांना सांगते, रोज काही ना काही लेखी द्या. अर्धं पान. तोंडी सांगितलेलं मी विसरते, कागदावर असलं तर पेन चालतंच.

बाकी रोमँटिक वगैरे नाही हो. जमिनीचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी निर्वेध आहे का याचा अहवाल, तुमच्याही फर्ममध्ये बनतो. तो बनवणाऱ्याने फेरफाराची नोंद, वारसनोंद, कुळाची नोंद आणि प्रलंबित दावा हे सगळं कधी मूळ कागदावर बघितलेलं असेल तर रिपोर्टात फरक पडतो का नाही सांगा?

शंकेखोर, फाईल मागायची ती ऑफिसच्या कारकुनाकडे. वकील "बघू" म्हणतात, कारकून कपाट उघडतो. आणि जिथे सात-आठ इंटर्न असतात तिथे जाऊच नका. मोठं नाव प्रमाणपत्रावर छान दिसतं, पण ज्या वकिलाकडे एकच टेबल आणि एकच ज्युनिअर आहे तिथे तुम्ही दुसरे ज्युनिअर असता.

फोर्टची_लोकल

टायटल रिपोर्टाचा मुद्दा मान्य. गेल्या महिन्यातच एका इंटर्नने सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यातलं बँकेच्या कर्जाच्या बोजाची नोंद पाहिलीच नव्हती. पण एकल वकिलाकडचं शिक्षण त्या वकिलाच्या स्वभावावर अवलंबून असतं, हेही मान्य करा.

वारणाकाठ

केलं. :)

मीठभाकर

सगळं ठीक आहे, पैशांचं कुणीच बोलत नाही. माझी मुलगी पाच वर्षांच्या कोर्सला आहे. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने जायचं, दुपारचं खाणं, काळा कोट, बूट, पांढरे दोन ड्रेस. महिन्याचा खर्च आमच्यासारख्याला जाणवतो. स्टायपेंड शून्य. इंजिनिअरिंगच्या मुलांना काही तरी मिळतं. वकील लोक पक्षकाराकडून घेतात ना?

पिंपळपार

मीठभाकर, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि उत्तर फारसं समाधानकारक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. आणि तीही सनद घेतलेल्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी नाही. तालुक्याला ज्युनिअरलाच हे आकडे मिळत नाहीत, इंटर्नचं तर सोडाच.

माझ्या ऑफिसात येण्याजाण्याचा खर्च देतो. कमीत कमी तेवढं मागायला हरकत नाही, मुलांनी लाजू नये. आणि राहत्या तालुक्यातच कोर्ट असेल तर एक वर्ष तिथेच करा. घरचा डबा, भाडं शून्य.

कोट-ड्रेसबद्दल: बार कौन्सिलच्या नियमांतच सवलत आहे, पूर्ण पोशाख जमत नसेल तर पांढरी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट चालतात. मुलींना साडीचा किंवा सुटाचा पर्यायही आहे. नवीन कोट शिवायची घाई नको. बँड आणि गाऊन मात्र घालायचा नाही, तो सनदधारक वकिलाचा. आमच्या बारमध्ये एकाने उत्साहाने बँड लावला होता, जज्जसाहेबांनी त्यालाच विचारलं, "वकीलसाहेब, पुढची तारीख कुठली देऊ?" बिचारा घामाघूम.

आता इंटर्नसाठी एक गणित टाकतो. मी चेकच्या केसेस बऱ्याच बघतो. चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, कलम १३८. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो ६ जानेवारी २०२५ ला हातात आला. नोटीस २० जानेवारीला पाठवली, समोरच्याला २४ जानेवारीला मिळाली. पैसे आले नाहीत. फिर्याद दाखल करायचा शेवटचा दिवस कुठला? पुस्तक बघून उत्तर द्या.

शंकेखोर

मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, म्हणजे ५ फेब्रुवारीपर्यंत. ती वेळेत आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघायची, म्हणजे ८ फेब्रुवारी. ९ ला वादाचं कारण घडलं. तिथून ३० दिवस, म्हणजे ११ मार्च. बरोबर?

पिंपळपार

८ फेब्रुवारीपर्यंत शंभर टक्के. पुढे पाय घसरला. कायद्यात "एक महिना" आहे, ३० दिवस नाहीत. ९ फेब्रुवारी हा कारण घडल्याचा दिवस वगळून एक महिना, म्हणजे ९ मार्च. फेब्रुवारी २८ दिवसांचा होता, त्यामुळे तुमच्या हिशोबात दोन दिवस फुकट वाढले. आता कॅलेंडर बघा: ९ मार्च २०२५ ला रविवार. मग कोर्ट उघडेल त्या दिवशी, सोमवारी १० तारखेला फिर्याद चालते. तुम्ही ११ ला गेला असतात तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागला असता. तो अर्ज करता येतो, पण कारण द्यावं लागतं आणि "आमच्या इंटर्नने मोजलं" हे कारण कुणी लिहीत नाही.

हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी देतो. मेमो कधी "मिळाला", नोटीस कधी "मिळाली", हे कशावरून सिद्ध करणार तेही विचारतो. मग तो पोस्टाचा ट्रॅकिंग रिपोर्ट, पोचपावती, बँकेचा शिक्का शोधायला लागतो. चेकच्या केसमधला निम्मा उलटतपास त्या पावतीवर असतो.

निवृत्त_नाझर

पिंपळपार, मस्त गणित. आमच्या टेबलावर ११ मार्चवाल्या फिर्यादी बऱ्याच यायच्या.

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. इथली इंटर्नशिप थोडी निराळी पडते म्हणून भर घालतो. तुमच्याकडे सातबारा, आमच्याकडे फॉर्म १ आणि १४. शिवाय जुन्या मिळकतींचे पोर्तुगीज काळातले नोंदणीचे कागद असतात, त्यांची भाषांतरं करून घ्यावी लागतात. वारसाहक्काला १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले कायदे लागतात, सर्व धर्मांना एकच. त्यासाठी इन्व्हेंटरीचं, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करण्याचं, वेगळं कामकाज चालतं, आता २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली. साधारणपणे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, त्यामुळे एक गेला तर अर्धा हिस्सा आधी मागे राहिलेल्या जोडीदाराचा आणि उरलेल्यातून वारसांचा.

म्हापशाला किंवा मडगावला इंटर्नशिप करणाऱ्याने एक तरी इन्व्हेंटरी सुरुवातीपासून वाचावी. मालमत्तेची यादी करणाऱ्याला इथले जुने वकील अजून काबेसा द काझाल म्हणतात. सिंधुदुर्गातल्या मुलांनाही सांगेन, सीमेपलीकडे बहीण दिलेली असली की तिच्या सह्यांचा प्रश्न तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही येतो.

वारणाकाठ

मांडवीपार, हे अगदी नवीन कळलं. यावर वेगळा धागा काढा की.

कागदपत्री

माझी इंटर्नशिप जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या लोकअभिरक्षक कार्यालयात झाली, त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे बचावाचे वकील तिथे असतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत. जामिनाचे अर्ज, रिमांड, तुरुंगातल्या बंद्यांच्या भेटीची टिपणं. फौजदारी आवडणाऱ्यांनी तिथे नक्की अर्ज करा. प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे पत्र द्यायचं, निवड त्यांच्या हातात.

तिथे एक झालं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि आमची पाठ केलेली कलमं हलली. आधी "४८२" म्हटलं की गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जायचं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुनं ४८२ आता ५२८ झालंय. आणि १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी. इंटर्नने जुन्या-नव्या कलमांचा तक्ता स्वतःच्या हाताने बनवावा. छापील विकत मिळतो, पण हाताने लिहिलेला डोक्यात राहतो.

लोक अदालतीच्या दिवशीही जा. तिथे तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते, हे पुस्तकात असतं. पण दोन भाऊ दारात एकमेकांकडे न बघता उभे असताना पॅनेलवरचे वकील त्यांना "आधी चहा घ्या" म्हणून एका बाकावर बसवतात, ते कुठल्या पुस्तकात नाही.

बोरूबहाद्दर

सगळं वाचलं. एक खटकलं ते लिहितो. फाईल वाचा, फाईल वाचा म्हणताय, पण गुप्ततेचं कुणी बोललं नाही. एका इंटर्नने घटस्फोटाच्या अर्जाच्या पहिल्या पानाचा फोटो स्टेटसला टाकलेला मी बघितलाय. खाली "लर्निंग". वर पक्षकारांची नावं, पत्ता, मुलाचं वय. वकिलाने त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, बरोबरच केलं.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाला बांधतं आणि त्याच्या कारकुनांना, कर्मचाऱ्यांनाही. इंटर्नने "मी कुठे वकील आहे" म्हणून निसटायचं नाही. टिपणवहीत नावं लिहू नका, वादी-प्रतिवादी लिहा. फाईल घरी नेऊ नका. आणि हो, चॅटबॉटमध्ये पक्षकाराची कागदपत्रं चिकटवून "सारांश कर" म्हणू नका. तोच चॅटबॉट न्यायनिवाड्यांचे दाखले मागितल्यावर अस्तित्वात नसलेले निकालही ऐटीत देतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. मूळ निकाल उघडून, परिच्छेद क्रमांक बघून मगच सीनिअरच्या हातात कागद द्या.

वारणाकाठ

बोरूबहाद्दर, हे माझ्याकडून राहिलं, आभार. मी पहिल्याच दिवशी मोबाईल टेबलावर उलटा ठेवायला सांगते. फाईलींच्या खोलीत तर नाहीच.

शंकेखोर

सगळ्यांचे आभार, ११ मार्च आयुष्यभर लक्षात राहील. शेवटचे दोन प्रश्न. डायरी कशी लिहायची? कॉलेजला ती द्यावी लागते आणि सगळे "आज मी कोर्टात गेलो, कामकाज पाहिले" असं भरतात. आणि दुसरं, कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. आमच्या वर्गातले सगळे म्हणतात की या वर्षी तिथेच करायची इंटर्नशिप, तालुक्याला कशाला. मी काय करू?

पिंपळपार

डायरीत रोज एक प्रकरण, तीन ओळी: काय लागलं होतं, काय झालं, का झालं. "का" कळलं नाही तर तसं लिहा आणि वकिलाला विचारून दुसऱ्या दिवशी भरा. परीक्षक तोंडीला त्याच डायरीवर विचारतात. "कामकाज पाहिले" लिहिणाऱ्याला "कुठलं?" एवढंच विचारलं की संपलं.

कागदपत्री

+१. माझ्या डायरीतल्या एका "का"चं उत्तर मला तीन आठवड्यांनी मिळालं. आरोपीला जामीन मंजूर होऊनही तो आतच कसा? जामीनदार मिळत नव्हता.

वारणाकाठ

शंकेखोर, कोल्हापूर बेंचला जरूर जा. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे येतात, आणि मुंबईला जाऊन राहायचा खर्च वाचला ही आपल्या भागातल्या मुलांसाठी मोठी गोष्ट आहे. पण क्रम असा लावा. दुसऱ्या वर्षी खालचं कोर्ट, तिसऱ्या वर्षी बेंच. द्वितीय अपिलात वकील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर बोलत असतात, त्यातला साक्षीदार काय म्हणाला होता आणि ते खालच्या कोर्टात कसं नोंदलं गेलं हे माहीत असलं तर तुम्हाला ते ऐकताना पाठीमागची बाजू कळते. नाहीतर छान इंग्रजी ऐकून परत येता. वर्गातले सगळे एकदम तिथे गेले तर एकेका वकिलाकडे पुन्हा सात-आठ इंटर्न होणार, तेही बघा.

जमलं तर खालच्या कोर्टातलं असं एक प्रकरण निवडा ज्याचं अपील पुढे बेंचला जाऊ शकतं. सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवा आणि इंटर्नशिप संपल्यावरही ॲपवर बघत राहा.

आणि प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात मागू नका. शेवटच्या दिवशी मसुदा स्वतः टाईप करून न्या: कालावधी, कामाचं स्वरूप, कुठल्या प्रकारच्या फाईली बघितल्या. "सदर विद्यार्थ्याने समाधानकारक काम केले" या छापील ओळीपेक्षा "दिवाणी दाव्यातील निशाणी ५ वरील टिपणे व चेकच्या प्रकरणातील मुदतीचे तक्ते तयार केले" ही ओळ पुढे उपयोगी पडते. वकील वाचून सही करतो, फार तर एखादा शब्द बदलतो.

शंकेखोर

मग ठरलं, जूनमध्ये कोर्ट उघडलं की आमच्या तालुक्याच्या कोर्टात. आईला सांगितलंय, डबा घरचाच.

मीठभाकर

माझ्या मुलीला हा धागा पाठवला. तिचं पहिलं उत्तर, "बाबा, रस्ता उत्तरेला होता म्हणजे दावा फेटाळला असेल ना?" आता वारणाकाठ मॅडमनी निकाल सांगावा.

वारणाकाठ

नाही फेटाळला. :) कोर्ट कमिशनर नेमला होता, त्याने जागेवर मोजणी केली तेव्हा रस्ता उत्तरेलाच निघाला. दाव्यात दिशा चुकीची पडली होती, वादीने ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. तो मंजूर का झाला, खर्च लावला का, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर अशी दुरुस्ती सहज का मिळत नाही, हे तिला त्या रूलचं परंतुक ("परंतु"ने सुरू होणारी अट) वाचून शोधायला सांगा. उत्तर इथे लिहू दे, मी बघते.